स्वस्तातली विलायती भुतं

१९ नोव्हेंबर १९७९, सोमवार

"दिल्लीतल्या मराठी सिनेमावेड्यांनो! आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपण काय पाहायचं, हे आपल्याला कधीच कोणी विचारत नाही!"

सुरुवात बरी आहे. पण 'सिनेमावेड्यांनो' म्हटलं की पहिल्या रांगेतले डेप्युटी सेक्रेटरी नाक मुरडणार. खोडलं. 'रसिकहो' लिहिलं. ते इतकं मिळमिळीत वाटलं की तेही खोडलं. पुन्हा 'सिनेमावेड्यांनो'. मुरडू देत नाक.

भाषण १६ डिसेंबरला आहे. आमच्या चित्रमंडळाची सर्वसाधारण सभा. बारा वर्षं मी या मंडळाची चिटणीस, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कार्यक्रमावर मतदान! जानेवारीसाठी मी पाच ब्रिटिश भयपट ठरवलेत. सगळे कमी खर्चातले, सोळा मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवरचे. कोपर्निकस मार्गावरच्या सदनाच्या हॉलमध्ये, आपल्याच मशीनवर दाखवायचे. अध्यक्ष सूर्यकांत राजवाडे म्हणतात, रद्द करा. त्यापेक्षा कनॉट प्लेसचं थिएटर रविवारी सकाळी भाड्याने घेऊ आणि अमेरिकेतल्या बड्या स्टुडिओचे भव्य भयपट दाखवू. आणि तेही एका महिन्यापुरतं नाही, कायमचं! "मोठा पडदा, मऊ खुर्च्या, कुमुदताई. लोकांच्या पाठीचा विचार करा."

पाठीचा! मंडळ मेंदूसाठी काढलं होतं.

ठराव पास झाला की आमचं मशीन कपाटात जाणार. आणि मशीनबरोबर भालचंद्रही. फरीदाबादच्या कारखान्यातला फोरमन. दर दुसऱ्या शनिवारी बसने येतो, मशीन लावतो, सिनेमा दाखवतो, केबल गुंडाळून परत जातो. बारा वर्षांत एक खाडा नाही. थिएटरात त्यांचे स्वतःचे ऑपरेटर असतात. मग याने काय करायचं? हे राजवाड्यांना विचारलं, तर म्हणाले, "त्यांचा सत्कार करू ना! शाल देऊ."

शाल!

२१ नोव्हेंबर, बुधवार

कॉलेजात दोन तास घेतले, 'अकराव्या शतकातील राज्यव्यवस्था'. मुली खिडकीबाहेर बघत होत्या. घरी येऊन भाषण.

मुद्दा मांडायला सोपा आहे, पटवायला महाकठीण. बड्या स्टुडिओकडे सगळं असतं. त्यामुळे ते सगळं दाखवतात. राक्षस हवा? राक्षस बनवणारे चाळीस लोक हजर. मग तो राक्षस पुढून, मागून, जवळून, लांबून. साठ वादकांचा वाद्यवृंद तुम्हाला अर्धा मिनिट आधी कळवणार, आता घाबरायचं आहे, तयार राहा. सरकारी परिपत्रकासारखं.

ब्रिटनच्या छोट्या कंपनीकडे काय असतं? खेड्यातलं भाड्याचं जुनं घर. एक जिना. तोच जिना पुढच्या सिनेमात पडदे बदलून परत. तीन आठवड्यांत चित्रण संपवायचं. राक्षस परवडत नाही, म्हणून राक्षस उंबरठ्याबाहेर ठेवतात. आपण फक्त दार बघत बसतो. नुसतं दार! आणि धुकं, कारण धुक्यामागे सेट उभारावा लागत नाही. आणि नाटकात आयुष्य घालवलेले नट. प्रेत पुरलेलं नाही, पेटी रिकामी आहे, असलं अचाट वाक्य ते कोर्टात साक्ष द्यावी तसं बोलतात. थट्टा करत नाहीत. म्हणून आपणही करत नाही.

हे मोठ्याने वाचून दाखवलं. विश्वनाथ वर्तमानपत्रामागून म्हणाले, "छान. पण राजवाडे हे दोन वाक्यांत सांगतील, आणि त्यातलं एक मऊ खुर्चीबद्दल असेल."

लताने विचारलं, "आई, उंबरठा म्हणजे?"

एकोणीस वर्षांची मुलगी! माझी मुलगी!

"दहलीज," विश्वनाथ म्हणाले.

"अच्छा. मग दहलीजच म्हण ना यार. अर्ध्या हॉलला नाही कळणार."

उंबरठा राहणार. कळलं नाही तर विचारतील.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आजचा खेळ म्हणजे माझा पुरावा होता. जानेवारीतल्या पाचांपैकी एक मी मुद्दाम आधी मागवला. लोकांनी पाहावा आणि मग मत द्यावं! कोणे एके काळचं चर्चचं गाव, एक पाद्री, एक बहीण, एक बंद खोली. तीन रिळं. मशीन एकच, त्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लागतात, शेंगदाण्यांची टरफलं पडतात, पुढचं रीळ चढतं.

पहिलं रीळ उत्तम. दुसरं तर थरकाप उडवणारं. खोली उघडते, पाद्री मरतो, बहीण आरशात बघते आणि थेट 'समाप्त'ची पाटी! लोक शाली सावरत उठले. मी ओरडले, "बसा! अजून एक रीळ आहे!" भालचंद्र तोवर तिसरं चढवत होताच. दिवे गेले. आणि मेलेला पाद्री बहिणीबरोबर शांतपणे चहा पीत बसला होता!

हॉलमध्ये कोणी टरफलही फोडेना.

नंतर चर्चेत मी बोलले. काय बोलले! स्वतःलाच पटत गेलं. "बड्या स्टुडिओत 'समाप्त' म्हणजे समाप्त. घरी जा. इथे 'समाप्त'नंतर सिनेमा सुरू होतो! मृत्यूला क्रम नाही, भीतीला घड्याळ नाही. गरिबीतूनच हे धाडस येतं." टाळ्या! शिक्षण मंत्रालयातले ते नेहमी झोपणारे गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. राजवाड्यांचा चेहरा बघण्यासारखा.

लता बसमध्ये म्हणाली, "मला डर लागला. खरंच." मी म्हटलं, भीती म्हण. पण बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून तीन फोन. सगळे 'समाप्त'नंतरच्या सिनेमाबद्दल. एकीने विचारलं, हे तंत्र आणखी कोणी वापरलंय का. मी म्हटलं, शोधते.

२८ नोव्हेंबर, बुधवार

भालचंद्र कॉलेजात आला. स्टाफरूमच्या दारात उभा, हातात स्वेटर, चेहरा पडलेला. अर्धा दिवस रजा टाकून आला होता.

"ताई, एक सांगायचंय. रागावू नका."

डबे परत पाठवायला बांधताना त्याने रिळं तपासली. दोनच्या डब्यात तीन होतं, तीनच्या डब्यात दोन. आमच्या आधी ज्या कुठल्या मंडळाने दाखवला, त्यांनी उलटसुलट भरून ठेवले होते.

म्हणजे पाद्री आधी चहा प्यायला आणि मग मेला. जसं जगात सगळेच मरतात तसं.

मी खुर्चीत बसले. शेजारी संस्कृतच्या बाई पेपर तपासत होत्या. त्यांनी पेन थांबवलं, म्हणजे ऐकत होत्या.

"अहो, पण 'समाप्त'ची पाटी आली मध्येच! तेव्हा तरी?"

"ताई, माझं लक्ष रिळाच्या शेवटाकडे असतं. पडद्यावर काय चाललंय ते कुठे... डब्यावर तीन लिहिलेलं होतं, तीन चढवलं."

त्याला काय बोलणार? चूक त्याची नव्हती. उठून व्याख्यान दिलं ते मी. त्या सिनेमाबद्दल चार मासिकांत वाचलं होतं, पण एकातही गोष्ट पूर्ण दिलेली नव्हती. आणि न पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलायची मला बारा वर्षांची सवय! आम्हा दिल्लीकरांचं हे असंच. प्रिंट येते त्याच दिवशी, आणि प्रास्ताविक छापून झालेलं असतं आठवडाभर आधी.

"कोणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच. आणि बायकोला."

जाताना म्हणाला, "लोकांना आवडलं पण ताई."

संताप! नक्की कोणावर तेही कळेना, म्हणून पुन्हा संताप.

१ डिसेंबर, शनिवार

विश्वनाथांना सांगितलं. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "गप्प बस. कोणाला कळणार?"

रेल्वे मंत्रालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा सल्ला. फाईल दाबा.

मी म्हटलं, मला कळलंय ना!

५ डिसेंबर, बुधवार

राजवाड्यांना कळलं. कसं, ते माहीत नाही. माझा संशय संस्कृतच्या बाईंवर, त्यांचे यजमान राजवाड्यांच्याच खात्यात. फोन केला होता. आवाजात साखर.

"कुमुदताई, तुमची ती 'समाप्त'नंतरची थिअरी... सभेत जरा विस्ताराने मांडा हं! सगळ्यांना उत्सुकता आहे."

"मांडीन."

"आणि एक विचारू? स्वातंत्र्य मिळून बत्तीस वर्षं झाली. अजून इंग्रजांची भुतं कशाला आणता इथे?"

"आणि तुम्ही अमेरिकेची आणताय ती काय साताऱ्याची आहेत?"

हसले. हसू देत. मी फोन आपटला. रागाने. निदान मी तरी तसंच धरून चालते.

प्रश्न असा आहे: कबुली द्यायची की नाही? दिली तर हसं. नाही दिली तर राजवाडे देतील, माझ्या वतीने. आणि भालचंद्राचं नाव घेऊन! "आमच्या हौशी ऑपरेटरची चूक. म्हणून म्हणतो, थिएटरात चला." एका वाक्यात मी आणि तो, दोघेही गारद.

९ डिसेंबर, रविवार

खरं सांगायचं तर त्या पाचांतले तीन भिकार आहेत. एकात वटवाघूळ दोरीवर लोंबकळतं आणि दोरी दिसते, असं सगळीकडे लिहिलंय. एकात रक्त इतकं लालभडक की रंगपंचमी वाटावी. एकात दिवसा चित्रण करून रात्र म्हणून खपवलंय, पायाखाली स्वच्छ सावल्या. हे मी कुठल्याही भाषणात म्हटलेलं नाही. म्हणायला हवं. मी वकील नाही.

बडे स्टुडिओ भिकार गोष्ट इतकी चकाचक करतात की ती भिकार आहे हे कळायला दोन दिवस लागतात. छोट्यांचं भिकार लगेच दिसतं. हा काय गुण नाही?

विश्वनाथ: "हे नको म्हणूस. दोरी आणि रक्तच लक्षात राहील."

लता: "आई, तू फार जोरात बोलतेस. घरात पण. बिल्कुल माइक नसतानाही."

कोणी कौतुक करायचं नाही असं या घरात ठरलंय.

१२ डिसेंबर, बुधवार

सापडलं! बसमध्ये, लोदी रोडच्या वळणावर. कागद नव्हता, तिकिटामागे लिहिलं.

रिळं उलटी लागली, तरी लोक घाबरले!! हाच माझा पुरावा. त्या दिवशी लताला भीती वाटली ती काही माझ्या थिअरीची नाही, थिअरी नंतर आली. भव्य सिनेमाचं शेवटचं रीळ मध्ये लावून बघा. काय उरेल? सगळी भीती शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी साठवलेली, ती आधीच उडाली की बाकीचा सिनेमा रिकामं पोतं. पण हा गरीब सिनेमा! याच्याकडे साठवायला काही नव्हतंच. म्हणून प्रत्येक खोलीत, प्रत्येक दारात, प्रत्येक चहाच्या कपात थोडी थोडी भीती ठेवावी लागली. कसाही लावा.

आता कबुली द्यायला मला कोणाची भीती नाही. माझी चूक, माझ्याच तोंडाने, आणि राजवाड्यांच्या आधी!

१५ डिसेंबर, शनिवार

भाषण तयार. बावीस मिनिटं. विश्वनाथांनी घड्याळ लावून ऐकलं. शेवटी म्हणाले, "जिंकशील." वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले. तीस वर्षांत दुसऱ्यांदा.

भालचंद्राचा परिच्छेद शेवटी घेतलाय. त्या छोट्या कंपन्यांत कॅमेरावाला दिवे उचलतो, लेखक चहा करतो, नटी स्वतःचे कपडे शिवते. आपल्याकडे भालचंद्र! एक पैसा न घेता. हा माणूस म्हणजेच आपलं मंडळ! इथे टाळ्या पडतील. इथे थांबायचं.

१६ डिसेंबर, रविवार

जिंकले. ५८ विरुद्ध ४१.

लिहायला बसले आणि आनंदच होत नाहीये. क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

सभा अकराला. हॉल भरलेला. राजवाडे आधी बोलले. पडदा, आवाज, खुर्च्या. मग म्हणाले, "आता कुमुदताई आपल्याला 'समाप्त'नंतर काय होतं ते सांगतील." काही लोक हसले, म्हणजे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मी उठले. पहिलंच वाक्य, "मी चुकले." डबे उलटे भरून आले होते, ऑपरेटरने डब्यावरचा आकडा पाळला आणि मी माझ्या अज्ञानाला थिअरी म्हटलं! हॉल खदखदला. पण आता तो माझ्या बाजूने हसत होता. मग विचारलं, "पण खरं सांगा, त्या दिवशी घाबरला होतात की नाही?" मागून कोणीतरी ओरडलं, "घाबरलो होतो!" बस. तिथून पुढे गाडी उतारालाच लागली. उंबरठा कोणाला अडला नाही. दोरीवरचं वटवाघूळही सांगून टाकलं, विश्वनाथांनी डोळे मिटून घेतले, पण लोक हसले आणि माझेच राहिले.

शेवटी भालचंद्र. सगळे मागे वळून उभे राहिले, टाळ्या. मशीनच्या टेबलामागे तो मान खाली घालून उभा. मला भरून आलं. विनय, असं वाटलं.

मग हात वर करून मतदान. आधी राजवाड्यांच्या ठरावाच्या बाजूने कोण? मी व्यासपीठावरून मोजत होते. एकोणचाळीस, चाळीस... आणि अगदी मागे, मशीनच्या टेबलामागून, एक हात. सावकाश वर आला. स्वेटरची बाही.

भालचंद्र!

माझ्या विरुद्ध! ज्याच्यासाठी मी महिनाभर भांडले, राजवाड्यांचे टोमणे खाल्ले, भर सभेत स्वतःचं हसं करून घेतलं, त्याने थिएटरच्या बाजूने हात वर केला! स्वतःच्या मशीनच्या विरुद्ध! लोक अभिनंदन करत होते आणि मला फक्त ती बाही दिसत होती. राजवाड्यांनी दिली असेल का याला काही आशा? थिएटरात नोकरी? की माझं भाषणच कळलं नाही? कोणाला म्हणून काही समजावायची सोय नाही या शहरात!

चहाच्या वेळी शोधला. केबल गुंडाळून निघून गेला होता. चहासुद्धा न घेता.

विश्वनाथ म्हणाले, "विचार त्याला."

मी म्हटलं, विचारणार आहेच. आणि असं विचारीन की लक्षात राहील.

१७ डिसेंबर, सोमवार

कारखान्यात फोन लावला. पाठीमागे यंत्रांचा धडधडाट. मी सगळं बोलून घेतलं, तीन मिनिटं, न थांबता. तो मग म्हणाला, "ताई, तिथे मशीन दुसरा कोणी चालवतो. मी बसलो असतो. बारा वर्षांत एक पिक्चर बसून पूर्ण बघितलेलं नाही मी. एकदा बघावंसं वाटलं." आणि घाईने, "पण झालं ते चांगलं झालं. शनिवारी येतो मी."

बारा वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून सिनेमे बघत होते. एकदाही विचारलं नाही.

पहिल्यांदाच मला तयार वाक्य सुचलं नाही. जे तोंडात आलं ते म्हटलं: भालचंद्र, शनिवारी एक तास लवकर या आणि मला ते मशीन चालवायला शिकवा.